पढतमूर्खाचं पाप वाचणाऱ्याच्या माथी

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या जुन्नर-आंबेगावात गुणगौरव समारंभांचा हंगाम सुरू होतो. मंगल कार्यालय, मागे नेत्यांच्या फोटोंचा फ्लेक्स, पुढे प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि प्रमुख पाहुण्यांच्या भाषणात हमखास येणारं एक वाक्य : "मुलांनो, नुसते पुस्तकी किडे होऊ नका." टाळ्या पडतात, पालक माना डोलावतात. मग तेच पाहुणे पोरांच्या हातात ट्रॉफीबरोबर एक पुस्तक ठेवतात. याचं कुणालाच हसू येत नाही. ते पुस्तक उघडलं जाणार नाही याची देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला सारखीच खात्री असते.

या वाक्याशी माझं भांडण आहे. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, हे मान्य. पोरं मैदानावर खेळावीत, चार माणसांत मिसळावीत, बापाच्या शेतात पाय मळवावेत एवढंच त्यांना सांगायचं असतं. पण स्टेजवरून मारलेला हा दगड नेमका ज्याला लागू नये त्याला लागतो. कारण स्टेजसमोर बसलेल्या सत्कारमूर्तींमध्ये पुस्तकी किडा बहुधा नसतोच. तिथे 'एकवीस अपेक्षित' पाठ करून ब्याण्णव टक्के काढणारा असतो. घरच्यांनी त्याचा टीव्ही बंद केलेला, क्लासच्या सरांनी त्याच्याकडून तीन वेळा पेपर सोडवून घेतलेला. ज्याला वर्गात किडा म्हणतात तो दुसराच. डब्याच्या सुट्टीत तो कडुनिंबाखाली अभ्यासक्रमाबाहेरचं काहीतरी वाचत बसतो. इतिहासाच्या तासाला "सर, मग नाणेघाटात कर कोण गोळा करायचं?" असं विचारतो आणि सरांचा पोर्शन मागे पाडतो. त्याला टक्के मिळतात पासष्ट. त्याचा सत्कार होत नाही, त्यामुळे तो कार्यालयात नसतो. टोमणा मात्र त्याच्या घरी बरोबर पोचतो, कारण बाप तो तिथून घेऊन जातो : "पाव्हणे काय म्हनले ऐकलं का?"

मराठीत अशा पोरासाठी शब्दांची चणचण नाही. ढापण्या, चष्मिस, मास्तर, पंडित, स्कॉलर (हा 'स्कॉऽलर' असा लांबवून म्हणायचा), पुस्तकातला किडा, दीडशहाणा. आणि सगळ्यांत धारदार म्हणजे नुसतं 'शहाणा'. "लय शाना झाला का?" या प्रश्नावरून आमच्याकडे बाजार समितीत कॉलर धरली जाते. पाठांतराच्या बहाद्दरासाठी 'घोकंपट्टू' असा एक चांगला नेमका शब्द होता, तो मात्र बोलण्यातून जवळपास गेला. 'पोपटपंची' कधीमधी वर्तमानपत्रात दिसते. पोपटाला तर पोरांनी भलत्याच कामाला लावलं आहे. म्हणजे जो दोष खरा, त्याचा शब्द आपण गमावला आणि त्या दोषाची सगळी शिक्षा दुसऱ्याच शब्दाला भोगायला लावली.

तिरस्कार पुस्तकाचा असता तर मी समजू शकलो असतो. पण मंचर, नारायणगाव, जुन्नर, कुठल्याही अभ्यासिकेत डोकावून पाहा. प्लायवूडच्या कप्प्यांत पोरं बारा-बारा तास बसतात. चालू घडामोडींच्या पुस्तिकांवर पिवळ्या मार्करचे पट्टे. बोलणं नाही, खेळणं नाही, शेतात जाणं तर नाहीच. त्यांना कुणी किडा म्हणत नाही. "पोरगं एमपीएससी करतंय" असं आदराने सांगितलं जातं आणि बाप कांदा विकून महिन्याचे पैसे पाठवतो. त्याच गावात त्याच वयाचा एखादा पोरगा पक्ष्यांवरचं पुस्तक वाचत बसला तर "ह्याचं काय खरं नाही." दोघं सारखेच तास पुस्तकात घालवतात. पहिल्याच्या वाचनाच्या टोकाला लाल दिवा दिसतो, दुसऱ्याच्या टोकाला काही दिसत नाही, एवढाच फरक. आपला राग वाचण्यावर नाही, फुकटच्या वाचण्यावर आहे. हे एकदा कबूल केलं की पुढची पुष्कळ सोंगं गळून पडतात.

पहिलं सोंग रामदासांचं. किडा म्हणणाऱ्याला अडवलं की तो दासबोधाआड जातो : समर्थांनीसुद्धा पढतमूर्ख सांगितलाय! सांगितलाय, दुसऱ्या दशकाच्या दहाव्या समासात. पण तो समास एकदा वाचावा तरी. पढतमूर्खाचा गुन्हा फार वाचणं हा तिथे नाहीच. वाचून तसं न वागणं, विद्येचा ताठा मिरवणं, दुसऱ्याला तुच्छ लेखणं, लोकांना एक सांगून आपण दुसरं करणं हे त्याचे गुन्हे. याच ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास अक्षर कसं काढावं, ओळीत अंतर किती, समास कसा सोडावा, लेखणी-शाई कशी असावी यावर खर्च झाला आहे. बोरूच्या टोकाची एवढी काळजी घेणारा माणूस पुस्तकांच्या विरोधात साक्ष द्यायला कसा येईल? आणि समर्थांची लक्षणं प्रामाणिकपणे लावायचीच ठरवली तर ती कडुनिंबाखालच्या पोराला लागत नाहीत. वाचनाचं महत्त्व सांगणारं भाषण ठोकून घरी चार पुस्तकंही न ठेवणाऱ्याला लागतात.

दुसरं सोंग वांग्याचं. "पुराणातली वांगी पुराणात" ही म्हण हल्ली पुस्तकातलं ज्ञान व्यवहारात चालत नाही अशा अर्थाने सर्रास फेकली जाते. मूळ गोष्ट काय आहे? पुराणिकबुवा कथेत सांगतात, वांगी खाऊ नयेत. बायको ते ऐकून वांगी टाकून देते. बुवा घरी येऊन ताटात वांगी का नाहीत म्हणून चिडतात आणि मग हे वाक्य बोलतात. (मूळ शब्द 'वानगी' होता असंही काही जाणकार म्हणतात, ते खरं असलं तरी लोकांनी वांगीच पसंत केली, आणि मंचरच्या बाजारात वांग्यांना मिळणारा मान पाहता बरोबरच केलं.) या गोष्टीत लबाड कोण? वाचून सांगणारे बुवा. प्रामाणिक कोण? ऐकलेलं खरं मानून तसं वागणारी बायको. म्हण बुवाच्या दुतोंडीपणावर आहे, आणि आपण ती बायकोच्या तोंडावर मारतो.

पु. लं.च्या सखाराम गटणेचंही तसंच झालं. १९६२ सालच्या 'व्यक्ति आणि वल्ली'तला हा पोरगा छापील मराठी बोलतो, म्हणून आपण हसतो. ते हसू मायेचं आहे. आपण त्यातली माया काढून घेतली, नाव ठेवलं आणि गावोगावच्या वाचणाऱ्या पोरांच्या पाठीला चिकटवलं.

आता दुसऱ्या बाजूचं सगळ्यांत भक्कम म्हणणं मीच मांडतो, कारण ते मांडणारे सहसा ते नीट मांडत नाहीत. खेड्यातल्या कष्टकऱ्याने पुस्तकवाल्याचा राग करावा याला सबळ कारण होतं. पिढ्यान् पिढ्या लिहिता-वाचता येणारा माणूस म्हणजे वतनाची वही राखणारा कुलकर्णी, पंचांग राखणारा जोशी आणि खत राखणारा सावकार. कागदावर काय लिहिलंय ते कुणबी विचारू शकत नव्हता, अंगठा तेवढा देऊ शकत होता. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले तेव्हा लोकांनी जीव घेण्यापेक्षा खतं-रोखे जाळण्यावर भर दिला, तो उगाच नाही. अशा समाजाने पुस्तकी माणसाला दोन शिव्या हासडल्या तर त्या शिव्यांत न्याय होता. दुबळ्याच्या हातातलं ते एकच हत्यार होतं.

पण त्या हत्याराचा पुढचा प्रवासही आमच्याच मुलखात घडला. १८८० च्या दशकात जुन्नर-ओतूर पट्ट्यात सत्यशोधक समाज रुजला. भटजीला न बोलावता लग्नं लागली, जोशाने दक्षिणेचा हक्क सांगितला, प्रकरण कोर्टात गेलं. त्या शेतकऱ्यांनी "आम्हाला पोथी नको" असं म्हटलं नाही. पोथी वाचायला तुझीच गरज का, असं विचारलं. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो शेतकऱ्याच्या अडाणीपणाचं कौतुक करायला नव्हे. अविद्येने शेतकऱ्याचं काय काय गेलं याचा तो हिशेब आहे. सत्यशोधकांनी मक्तेदारी मोडली आणि पुस्तक आपल्या घरात आणलं. आज त्यांचेच पणतू आपल्या घरातल्या पोराला किडा म्हणतात. ज्या शिवीने एकेकाळी वरच्याला बोचायचं काम केलं, ती आता ठाकरवाडीतून किंवा महादेव कोळ्यांच्या पाड्यातून पहिल्यांदाच वाचायला लागलेल्या मुलाच्या पाठीत बसते. शिवी जुनीच, पण तिच्यातला न्याय कधीच संपला.

आळ्याच्या रेड्याची समाधी इथल्या प्रत्येकाने पाहिलेली आहे. पैठणला ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले तो रेडा पुढे आळ्यात थांबला, अशी श्रद्धा आहे, यात्राही भरते. या कथेचा उपयोगसुद्धा मी उलटा होताना ऐकला आहे : बघा, वेद काय रेडाही म्हणतो! अरे, पण कथा कशाची आहे? वेद कुणी म्हणायचे हे ठरवणाऱ्यांचं तोंड बंद करण्याची. शुद्धिपत्रासाठी पैठणच्या दारात उभं राहावं लागलेला तो मुलगा पुढे नेवाशात बसून गीतेवर मराठीत टीका सांगतो, शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. परंपरेच्या हिशेबाने तेव्हा त्याचं वय पंधरा-सोळा. म्हणजे आजच्या दहावी-अकरावीचं. आमच्या एखाद्या पाहुण्याने तेव्हा त्याला मैदानावर पाठवलं असतं.

व्यवहाराचं बोलू. "पुस्तकं वाचून टोमॅटो पिकत नाही" हे नारायणगावच्या बाजारात ऐकायला भारदस्त वाटतं. द्राक्षवाल्यांना विचारा. २०१० च्या हंगामात युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले आणि माल अडकला. बागाईतदार ज्याला लिहोसिन म्हणून ओळखतो तेच हे, वेलीची शेंडावाढ रोखायला वापरायचं. आपल्याकडच्या तपासणीत ते बघितलं जात नव्हतं, तिकडच्या यादीत ते होतं. बाग उत्तम, मणी टपोरे, घाम गाळलेला. नडली ती न वाचलेली यादी. आता निर्यातीची बाग धरणाऱ्याच्या शेडमध्ये औषधांची यादी टांगलेली असते, फवारणीची वही असते, काढणीआधी किती दिवस फवारा बंद ठेवायचा याचे आकडे असतात. हा वाचनाचाच कारभार आहे, आणि तो बहुधा घरातला तोच 'ढापण्या' बघतो. नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात मातीचा अहवाल हातात घेऊन उभे राहणारे शेतकरी पाहिले की मला 'पुस्तकी' आणि 'व्यवहारी' यांच्यातली भिंत कुणी बांधली असा प्रश्न पडतो. जुन्या जुन्नरात तरी ती नव्हती. इथल्या लेण्यांमध्ये धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिलेल्या दानाचा लेख कोरलेला आहे. नाणेघाटात, जिथून व्यापाऱ्यांचे तांडे चढत, तिथल्या सातवाहनकालीन लेखात गाईंचे आणि कार्षापणांचे आकडे ब्राह्मीत खोदले आहेत.

शेजारच्या खेड तालुक्यातलं उदाहरण तर आमच्या वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. संयुक्त राष्ट्रांच्या टपाल संस्थेतली स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून शरद जोशी १९७७ च्या सुमारास चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन बसले, तेव्हा तेही एक पुस्तकी प्रकरणच होतं. त्या माणसाने आपल्या शेतीचा जमाखर्च लिहिला, शेतमालाचा भाव उत्पादनखर्चही भरून काढत नाही हे आकड्यांत दाखवलं, आणि त्यातून चाकणचं कांदा आंदोलन उभं राहिलं. पिढीजात शेतकऱ्याला तोटा कळत नव्हता असं नाही. तो वहीत मांडून सरकारच्या तोंडावर ठेवायला वाचणारा माणूस लागला.

"आम्ही पुस्तकं नाही, माणसं वाचली" असं अभिमानाने सांगणारे आहेत. ओतूरच्या अनिल अवचटांनी खरोखरच माणसं वाचली : हमाल, विडी कामगार, तंबाखूच्या वखारीतल्या बाया. आणि मग काय केलं? पुस्तकं लिहिली. एकाचं तर नावच 'माणसं'. माणसं वाचण्याचा दावा करणाऱ्याने निदान दोन पानं तरी दाखवावीत.

आता खोडदच्या तबकड्यांकडे येतो, कारण सध्याचा खरा राग तिथे आहे. प्रत्येकी पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, चौदा मध्यभागी आणि सोळा तीन दिशांना पसरलेल्या. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केलेली ही रेडिओ दुर्बीण. पत्र्याऐवजी बारीक तारांची जाळी दोरखंडांवर ताणून बसवायची, म्हणजे वारा आरपार जातो, वजन घटतं आणि पैसा वाचतो, ही युक्ती त्यांची. 'पुस्तकी' माणसाला खर्चाची जाण नसते म्हणणाऱ्यांनी ती जाळी जाऊन बघावी. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथलं प्रदर्शन सगळ्यांना खुलं असतं. १९ ऑक्टोबर २०१६ ला मंगळावर उतरत असलेल्या युरोपच्या यानाचा क्षीण संदेश खोडदच्या शिवारातून ऐकला गेला आणि तो थांबला हेही इथेच कळलं. बांधापलीकडे तेव्हा कुणी कांद्याचं रोप लावत असेल.

मात्र नारायणगाववरून जाणारा पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा मार्ग या दुर्बिणीचं कारण देऊन रेल्वे मंत्रालयाने बाजूला ठेवला, आणि लोक भडकले. त्यांचा राग मला अगदी रास्त वाटतो. टोमॅटो, भाजीपाला, दूध, रोज पुण्याला जाणारी पोरं, हा पट्टा रेल्वेची वाट कधीपासून बघतोय. दुर्बीण आणि रूळ दोन्ही कसे राहतील हे सरकारला खडसावून विचारलंच पाहिजे. पण चहाच्या टपरीवर या मागणीचं रूपांतर "त्या चष्मेवाल्यांनी आपल्याला काय दिलं?" यात होतं तेव्हा मागणी दुबळी होते. लहरींचा अडथळा किती अंतरावर किती होतो, मार्ग किती सरकवला तर चालेल, हे आकडे मांडल्याशिवाय दिल्लीत कुणी ऐकणार नाही. ते आकडे मांडायला आपल्याच गावातली वाचणारी पोरं लागतील. दिंभे धरणात मूळ आंबेगाव गेलं तेव्हा, आणि पुढे पश्चिम पट्ट्यात वनहक्काचे दावे भरायची वेळ आली तेव्हाही, आदिवासींना जंगल पानापानाने माहीत होतं, कुठल्या झाडाचा हिरडा कधी उतरवायचा ते तोंडपाठ होतं. अडलं ते कागदापाशी.

शहरात गेलेली आमची पोरं सांगतात, आता दिवस पालटले, 'नर्ड' आणि 'गीक' हे कौतुकाचे शब्द झालेत. इंग्रजीत 'गीक' हा एकेकाळी जत्रेत कोंबडीचं मुंडकं दातांनी तोडून दाखवणारा इसम होता. संगणकावर अब्जावधी कमावणारे त्याच नावाने मिरवायला लागले आणि शब्दाचं सोनं झालं. मला यात वाचनाचा विजय दिसत नाही. कौतुक पगाराचं आहे. हिंजवडीतल्या पॅकेजवाल्याला गीक म्हणायचं आणि गावच्या 'ड' वर्ग वाचनालयात तुटपुंज्या मानधनावर पुस्तकांना पुठ्ठे चढवणाऱ्याला किडा, ही अभ्यासिकेचीच मोजपट्टी आहे, फक्त इंग्रजीत छापलेली.

एक गोष्ट राहिली, आणि ती मला सगळ्यांत जास्त खुपते. पुस्तकी किडा हा शब्द मुलग्याचा आहे. वाचणाऱ्या मुलीसाठी आपल्याकडे असा अर्धवट लाडाचा शब्दही नाही. तिला 'शहाणी' म्हणतात, आणि त्यात लाड नसतो. सध्या गावोगावी तिशी ओलांडलेली बागाईतदार पोरं लग्नाची थांबली आहेत. पारावर कारण ठरलेलं असतं : "पोरी शिकल्या, शान्या झाल्या." झाल्याच आहेत. चांगली आठ एकर बागाईत, विहिरीला पाणी, दारात ट्रॅक्टर असताना नाही का म्हणते, असं तिला विचारलं तर ती सांगते, "त्या आठ एकरांत माझं काही नाही. सातबारा मी वाचलाय." शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढून बायकोच्या नावावर जमीन करायला नवऱ्यांना सांगितलं होतं, सरकारनेही त्यासाठी आदेश काढला. तो आदेश मुलीने वाचलेला असतो, सासऱ्याने नसतो. तेव्हा पुढच्या स्थळाला जाणाऱ्या मंडळींनी मुलगी 'फार शिकलेली' आहे का याची चौकशी करण्याआधी, सातबाऱ्यावर तिचं नाव लावणार का याचं उत्तर घरातून ठरवून न्यावं. ती विचारणार आहे.